कॅम्परव्हॅनमधील छुपी गळती: कोकणच्या हवेत तिचा शोध आणि दुरुस्ती

कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, आतल्या भिंतीवर ओलीचा डाग उमटतो, तेव्हा पाणी आत शिरायला लागून बहुधा बराच काळ लोटलेला असतो. अशा गाडीची भिंत थरांची असते. बाहेर पत्रा किंवा फायबरचे पॅनेल, त्याच्या आत चौकोनी नळ्यांचा सांगाडा, सांगाड्याच्या पोकळीत फोम किंवा ग्लासवूल आणि सर्वांत आत सनमायका लावलेले प्लाय. बाहेरच्या सांध्यातून शिरलेले पाणी या थरांमधून उताराच्या दिशेने सरकते, वाटेतले लाकूड भिजवते आणि जिथे त्याला अडथळा येतो तिथे बाहेर डोकावते. कौलारू घरात फुटका नळा एकीकडे असतो आणि पाणी टपकते भलतीकडेच, तसाच हा प्रकार आहे. म्हणून डागाच्या जागी भोक नसणार, असे धरूनच शोधाला लागावे. छताच्या पुढच्या टोकाला शिरलेले पाणी वायरिंगच्या पाइपमधून वाहत जाऊन मागच्या पलंगाखाली निघू शकते.

कोकणात या प्रश्नाला धार चढते. किनारपट्टीवर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीसारख्या घाटमाथ्यावर तो सात हजारांच्या आसपास पोहोचतो, आणि यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तो सरळही पडत नाही. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याबरोबर त्याची झड आडवी येते, आणि सरळ पडणाऱ्या पावसाला पुरणारी खिडकीची रबरे तिच्यापुढे टिकत नाहीत. खारी हवा स्क्रू गंजवते, गंजलेला स्क्रू सैल होतो आणि त्याच्याभोवतीचा सांधा उघडतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. पण आपल्याकडच्या अनेक गाड्या कारखान्यातून तयार न येता ट्रॅव्हलरसारख्या मिनीबसवर फॅब्रिकेटरने बांधलेल्या असतात, त्यामुळे भोके कुठे पाडली आणि पाइप कुठून नेले याचा नकाशा सहसा कोणाकडेच नसतो.

एवढे सगळे असले तरी ओल दिसताच सिलिकॉनची नळी हातात घेण्याचा मोह आवरावा. भिंतीत पाणी असताना बाहेरचा सांधा बुजवला, तर आत अडकलेल्या पाण्याला जायला वाट उरत नाही आणि डाग दिसेनासा झाला तरी प्लाय आतून कुजत राहते. पाणी ओळखणे, त्याची वाट शोधणे, भिंत उघडणे, ती वाळवणे आणि मगच बुजवणे हा क्रम मोडण्यासारखा नाही.

पाणी कोणते, हे आधी ठरवावे

गाडीत पाणी पाच वाटांनी येते: पावसाचे, टाकीतून नळाकडे जाणारे, वापरून झालेले सांडपाणी, एसीतून ठिबकणारे आणि हवेतले. प्रत्येकाचा उपाय निराळा असल्यामुळे आठवडाभर एका वहीत नोंद ठेवावी. ओल कधी वाढली, तेव्हा पाऊस होता का, पंप चालू होता का, एसी किती वेळ चालला आणि गाडी कोणत्या बाजूला कलती उभी होती, एवढे लिहिले तरी निम्मा शोध लागतो. कोरड्या हवेत पंप चालू ठेवल्यावरच ओल येत असेल, तर छताकडे पाहत बसण्याचे कारण नाही. पावसाची गळती मात्र फसवते, कारण ग्लासवूलने धरून ठेवलेले पाणी पाऊस उघडल्यानंतर काही दिवसांनीही खाली उतरू शकते.

चमचाभर पाणी गोळा करता आले, तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, फार उपयोगी पडतो. पाणी शुद्ध करणारी यंत्रे बसवणारे लोक खिशात बाळगतात तेच हे स्वस्त साधन. आधी टाकीतल्या पाण्याचा आकडा पाहावा, मग गळतीच्या पाण्याचा. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यापेक्षा पावसाचे आणि एसीचे पाणी कितीतरी कमी आकडा दाखवते. छतावर मीठ बसलेले असेल तर पहिल्या सरींचे पाणीही जास्त आकडा दाखवेल, म्हणून ही परीक्षा दोन-चार मोठ्या सरी होऊन गेल्यावर घ्यावी. सांडपाण्याचा संशय असेल, तर स्वयंपाकात वापरतात तो खाण्याचा रंग सिंकमधून सांडपाण्याच्या टाकीत सोडावा आणि गाडी एक-दोन किलोमीटर फिरवून आणावी. टाकीचे पाणी हेलकावल्यावर रंगीत थेंब कुठे उमटतो ते दिसते.

पाचव्या वाटेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण किनाऱ्यावर तिच्यामुळे फार धावपळ होते. साध्या मिठाला एक गुण आहे: हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतः विरघळू लागते. कोकणात पावसाळाभर, आणि इतर महिन्यांतही पुष्कळदा रात्री, आर्द्रता याहून जास्त असते. तारकर्ली किंवा हर्णेच्या वाळूत फिरून आलेली ओली चप्पल, पोहून आल्यावर पलंगावर टाकलेला टॉवेल किंवा उघड्या खिडकीतून आलेले तुषार यांचे मीठ गालिच्यात आणि प्लायमध्ये मुरते, आणि मग ती जागा दुपारी कोरडी तर संध्याकाळी ओली अशी रोज पालटत राहते. पाऊस नाही, पंप बंद, तरी ओल आहे, अशा वेळी त्या जागी गोड्या पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्यावे, पंख्याने वाळवावे आणि आठवडाभर पाहावे. ओल परतली नाही, तर गळती नव्हतीच.

भिंतीवर केवळ दव धरत असेल, तर ते ओळखण्याची साधी रीत आहे. हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या खोलीकडील अंगावर थेंब जमले तर ते हवेतले बाष्प आहे, भिंतीकडील अंगावर जमले तर पाणी भिंतीतून येत आहे.

एसीची तपासणीही सोपी आहे. उघडीप असलेल्या दिवशी दोन तास एसी चालवावा आणि ठिबकणारे पाणी बाहेर पडते का ते पाहावे. दमट हवेत एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. बाहेर ते दिसत नसेल, तर ते आत कुठेतरी जात आहे. किनाऱ्यावर सुरूच्या बनात गाडी उभी केली असेल, तर सुरूच्या काड्या छतावरच्या एसीच्या तळातील निचऱ्याची भोके हमखास बुजवतात. छतावरचा एसी जिथे बसतो तिथल्या गास्केटकडेही, म्हणजे सांधा बंद करणाऱ्या मऊ गादीकडेही, याच वेळी लक्ष द्यावे: इंचभर जाडीचे हे गास्केट साधारण अर्ध्या इंचापर्यंत दबलेले असावे. त्याहून कमी दबले तर पाणी शिरते, फार आवळले तर ते चिरडून निकामी होते आणि छत खोलगट होऊन तिथे पाणी साचते.

आगोटीच्या आधी, लाल धुळीच्या मागावर

गळती शोधण्याचा सर्वांत चांगला काळ एप्रिल आणि मे. घर शाकारण्याची, लाकूडफाटा भरण्याची हीच वेळ असते आणि गाडीसाठीही तीच योग्य आहे, कारण भिंत उघडली तर ती वाळायला ऊन मिळते. शिवाय या दिवसांत एक फुकटचा साक्षीदार हाताशी असतो. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावरून गेलेल्या गाडीत लाल धूळ प्रत्येक फटीतून शिरते आणि शिरल्या जागी बारीक रेघ सोडते. कपाटांच्या मागच्या कडा, चाकांवरच्या उंचवट्यांचे कोपरे, पलंगाखालचे तळ, मागच्या दिव्यांच्या आतील बाजू आणि वायरी जमिनीतून वर येतात ती भोके, या सगळ्या ठिकाणी टॉर्च आडवा धरून पाहावे. ज्या फटीतून धूळ आली, तिच्यातून जूनमध्ये पाणी येणारच. धूळ पुसून टाकण्यापूर्वी प्रत्येक रेघेचा मोबाइलवर फोटो घ्यावा.

यानंतर छत. शिडी लावून, शक्यतो छतावर न चढता, बाजूने पाहावे. चढावेच लागले तर वजन पसरवण्यासाठी फळी टाकावी. सोलर पॅनेलचे पाय, वायरी आत जातात ते ग्लँड, हवेच्या झरोक्याची चौकट, छत आणि भिंत जुळतात तिथली पन्हळ, बाजूला उघडणाऱ्या कापडी छपराची पट्टी आणि छताच्या कडेचे छोटे दिवे, ही नेहमीची ठिकाणे. नारळाखाली गाडी लावू नये हे सांगायची गरज नाही, पण सावलीच्या लोभाने ती लावली जातेच. झावळाच्या देठाने झरोक्याच्या प्लास्टिकला पडलेली केसाएवढी चीर खालून दिसत नाही, ती नखाने चाचपून शोधावी लागते. जुने सीलंट भेगाळले, कडेने उचलले गेले किंवा नखाने सहज सुटले, तर तिथे गळती सापडली असे नव्हे, पण ती जागा यादीत घ्यावी.

पाण्याची परीक्षा दोघांनी मिळून घ्यायची असते. तिच्या आधी बाहेरची वीजजोडणी काढावी, इन्व्हर्टर बंद करावा, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा आणि गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा. एकाने साधी बागेची नळी घेऊन बाहेर उभे राहावे, दुसऱ्याने कपाटे रिकामी करून आत टॉर्च घेऊन बसावे. संशयित सांध्यांच्या आतील बाजूस टाल्कम पावडर भुरभुरावी. पहिला थेंबसुद्धा तिच्यात स्पष्ट वाट कोरतो. पाणी नेहमी खालून वर न्यावे. आधी चाकांच्या कमानी, मग दरवाजाची तळकड, मग खिडक्यांच्या खालच्या कडा, बाजू, वरच्या कडा आणि सर्वांत शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी निदान दहा मिनिटे पाणी सोडावे, मगच पुढे जावे. वरून सुरुवात केली तर सगळी गाडी एकदम भिजते आणि पाणी कुठून आले हे कळायला काहीच उरत नाही. गाडी धुण्याच्या दाबाच्या यंत्राने ही परीक्षा घेऊ नये, कारण ते चांगल्या रबरातूनही पाणी घुसवते आणि खोटी गळती दाखवते.

काही गळत्या उभ्या गाडीत सापडतच नाहीत. घाटातल्या वळणांवर सांगाडा पिळला जातो आणि सांधा तेवढ्यापुरता उघडतो. अशा वेळी मागचे एक चाक तीन-चार इंच उंचीच्या भक्कम लाकडी ठोकळ्यावर चढवावे, उरलेल्या चाकांना अडसर लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. मग दुसऱ्या बाजूनेही. ओल फक्त चालत्या गाडीत, समोरून पाऊस घेताना येत असेल, तर पुढच्या काचेच्या रबराखालचा पत्रा गंजलेला असण्याची शक्यता मोठी असते.

दुसरी परीक्षा साबणाच्या फेसाची. सगळी दारे-खिडक्या व झरोके बंद करावेत, सिंक आणि मोरीची भोके बुचांनी बंद करावीत, एका खिडकीत पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरने हवा आत सोडावी आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फवारावे. आतला दाब किंचितच वाढतो, पण फट असेल तिथे बुडबुडे येतात. यावेळी ब्लोअरपुरती वीज लागते. ती गाडीतून न घेता घरातून घ्यावी. माझ्या मते छताच्या सांध्यांसाठी ही परीक्षा नळीच्या परीक्षेपेक्षा सरस आहे, कारण पाणी सांध्यापासून कुठेही वाहत जाते, पण बुडबुडा भोकाच्या तोंडाशीच फुगतो.

टाकी, पंप आणि पाइप

गाडीतला पंप बहुधा १२ व्होल्टचा असतो आणि नळ बंद केल्यावर पाइपमध्ये ठरावीक दाब तयार झाला की आपोआप थांबतो. सगळे नळ बंद करून रात्री पंप चालू ठेवावा. कोणी पाणी वापरत नसताना तो मध्येच क्षणभर घरघरला, तर दाब कुठेतरी सुटतो आहे. सुटण्याची जागा पाइपमध्ये असेल किंवा खुद्द पंपाच्या एकमार्गी झडपेत. पंपाच्या पुढे एक बॉल व्हॉल्व्ह बसवून तो बंद केला की निवाडा होतो: व्हॉल्व्ह बंद असतानाही पंप घरघरत राहिला तर दोष पंपात, थांबला तर दोष पुढच्या पाइपांत. हा व्हॉल्व्ह कायमचा बसवून ठेवलेला बरा.

पाइपमधली गळती शोधताना प्रत्येक जोडाभोवती टिश्यूपेपर गुंडाळावा आणि तासाभराने पाहावे. बांधणी करताना घरातल्यासारखा सीपीव्हीसी पाइप चिकटवून बसवला असेल, तर जोड कोपऱ्यांत तडकलेले सापडतील. घर हलत नाही, गाडी हलते. मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे आणि त्यानंतरचा घाट ताठ पाइपाला सोसत नाहीत. तडकलेल्या जोडावर वरून सोल्युशन ओतून काही साधत नाही. तेवढा भाग कापून लवचिक पेक्स पाइप किंवा खाण्याच्या पाण्यासाठीचा जाळीदार नळीपाइप घालावा आणि तो दर हातभर अंतरावर रबरी क्लॅम्पने सांगाड्याला बांधावा. दाबून बसवायचे जोड वापरल्यास पाइप काटकोनात कापावा, कड घासून गुळगुळीत करावी आणि तो किती आत जायला हवा याची खूण आधी पाइपवर करावी. आट्यांच्या जोडावर टेफ्लॉन टेप आट्या आवळण्याच्या दिशेनेच गुंडाळावी. प्लास्टिकचा जोड हाताने घट्ट करून पान्याने फार तर पाव फेरा द्यावा, कारण जास्त आवळल्याने तो त्याच दिवशी नव्हे तर महिन्याभराने तडकतो.

गरम पाण्याचा गिझर असेल, तर पाणी तापताना त्याच्या सुरक्षा झडपेतून थोडे ठिबकणे स्वाभाविक आहे. ती झडप कधीही बुजवू नये. तिची नळी गाडीच्या तळाबाहेर काढलेली आहे ना, एवढेच पाहावे.

न्हाणीच्या ट्रेची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. बूच लावून त्यात दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरावे, पातळीला पेन्सिलीची खूण करावी आणि तासभर वाट पाहावी. पातळी उतरली नाही, तर बूच काढून पाणी सोडावे आणि खालून टॉर्च मारावा, म्हणजे निचऱ्याच्या जोडाचा दोष दिसेल. दोन्ही वेळा कोरडे राहिले, तर मात्र ट्रेमध्ये माणूस उभा करून पाहावे; खाली आधार नसलेला ट्रे वजनाने वाकतो आणि फक्त तेव्हाच त्याची चीर उघडते. अशा ट्रेखाली आधी लाकडी किंवा फोमचा भक्कम आधार द्यावा, मग चीर फायबर व रेझिनने भरावी.

उघडणे आणि वाळवणे

ओल किती पसरली आहे हे मॉइश्चर मीटर सांगतो, पण किनाऱ्यावर त्याच्या आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये. लाकडात टोचायच्या दोन टोकांचा मीटर लाकडातून जाणारी वीज मोजतो आणि मीठ वीज वाहून नेते, त्यामुळे खारट प्लाय असते त्याहून ओले दिसते. त्यात कोकणच्या पावसाळ्यात निरोगी लाकूडही सोळा-अठरा टक्के ओलावा धरून असते. म्हणून आधी गाडीतली नक्की कोरडी अशी एखादी जागा, समजा वरच्या कपाटाची आतली फळी, मोजून तो आकडा पाया धरावा आणि बाकीच्या जागा त्याच्याशी ताडाव्यात. पायाच्या आकड्यापेक्षा चार-पाच टक्के जास्त असेल तिथे शंका घ्यावी. सुमारे २८ टक्क्यांच्या वर आकडा गेला तर भिंत उघडलीच पाहिजे. मीटर नसेल, तर स्क्रूड्रायव्हरच्या दांड्याने ठोकून पाहावे. निरोगी भाग खणखणीत वाजतो, कुजलेला भाग बद्द. टोच्या सहज आत गेला, तर प्लाय गेलेच.

उघडताना प्लाय खालच्या बाजूने, वीतभर उंचीच्या पट्टीने कापून काढावे. पाणी खालीच जमलेले असते आणि पट्टी पुन्हा बसवून तिच्यावर बीडिंग मारता येते. काळी बुरशी दिसली तर एन-९५ मास्क व हातमोजे घालूनच हात लावावा. भिजलेले ग्लासवूल वाळवण्याच्या फंदात पडू नये. ते फेकून द्यावे आणि त्या जागी पाणी न शोषणारा एक्सपीएस किंवा नायट्राइल फोम घालावा. कुजलेले लाकूड निरोगी लाकूड लागेपर्यंत, आणि त्याच्याही पुढे चार बोटे कापून काढावे.

वाळवण्याच्या बाबतीत एक समज दूर करायला हवा. पावसाळ्यात दारे-खिडक्या उघडून पंखा लावला की भिंत सुकते, असे वाटते. पण बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असताना ती आत घेऊन काही सुकत नाही. त्या दिवसांत उलट करावे: गाडी बंद करावी आणि आत डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढून घेणारे यंत्र) किंवा ड्राय मोडवर एसी चालवावा, पंख्याचा झोत उघडलेल्या पोकळीवर धरावा. डीह्युमिडिफायर आपल्याकडच्या उबदार, दमट हवेत उत्तम काम करतो आणि रोज भरणारे त्याचे भांडे पाहिले की भिंतीत किती पाणी होते याची कल्पना येते. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये मात्र ऊन आणि वारा पुरतो. मीटरचा आकडा पायाच्या आकड्याला येऊन सलग तीन दिवस तिथेच थांबला, की भिंत वाळली असे मानावे. आठवड्याऐवजी तीन आठवडे लागले तरी इथे घाई करू नये.

बुजवणे

आता सीलंट. बाजारात सर्वांत सहज मिळते ते सिलिकॉन, आणि या कामाला तेच सर्वांत कमी योग्य. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वाळताना असेटिक आम्ल सोडते आणि ते पत्रा व ॲल्युमिनियम खाते. शिवाय सिलिकॉनचा अंश पृष्ठभागावर उरला तर पुढे त्यावर दुसरे कोणतेही सीलंट किंवा रंग धरत नाही. एम-सीलसारखी लुकणे कडक होतात, म्हणून हलणाऱ्या सांध्यावर ती महिन्या-दोन महिन्यांत तडकतात. न हलणाऱ्या ठिकाणी, समजा जाड टाकीच्या बाहेरील बारीक चिरेवर तात्पुरती, ती चालतात. डांबरी पट्टी रस्त्यात अडल्यावर गाव गाठण्यापुरती ठीक. पण नंतर ती काढताना जो चिकट राडा होतो, तो पाहता मी तीही टाळेन.

सांध्यांसाठी दोन गोष्टी पुरतात. चौकटीच्या खाली दाबली जाणारी ब्यूटाइल टेप, म्हणजे कायम मऊ राहणाऱ्या चिकट रबराची पट्टी, आणि कडेने फिरवायचे, वाळल्यावरही लवचिक राहणारे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा एमएस पॉलिमर सीलंट. खिडकी, झरोका किंवा दिव्याची चौकट पूर्ण काढावी. न काढता वरून सीलंटचा थर दिल्यास पाणी फक्त नवी वाट शोधते. जुने सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावे, गोड्या पाण्याने मीठ धुवावे, वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. पत्र्यावर गंज असेल तर चकचकीत धातू लागेपर्यंत घासून एपॉक्सी प्रायमर द्यावा आणि तो पूर्ण सुकू द्यावा. मग चौकटीच्या मागे ब्यूटाइल टेप सलग, तिचा सांधा वरच्या कडेला न येईल अशी लावावी. स्क्रू समोरासमोरचे असे जोडीने थोडे थोडे आवळावेत. टेप हळूहळू पसरत राहते, म्हणून दुसऱ्या दिवशी आणि चार दिवसांनी पुन्हा एकेक फेरा द्यावा, आणि बाहेर आलेली टेप त्यानंतरच कापावी.

स्क्रू स्टेनलेसचेच हवेत. समुद्राजवळ ३०४ पेक्षा ३१६ प्रतीचे चांगले टिकतात. पण स्टेनलेसचा स्क्रू ॲल्युमिनियमच्या पट्टीत खाऱ्या ओलीसह बसला की ॲल्युमिनियम झिजते, म्हणून प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना सीलंट लावावे आणि डोक्याखाली नायलॉनचे वायसर घालावे. सोलर पॅनेलचे पाय छताला भोक न पाडता पीयू सीलंटने चिकटवता येतात, आणि नव्याने बसवणाऱ्याने तसेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन. वायरचा ग्लँड मागच्या दिशेला तोंड करून बसवावा आणि वायरला आत शिरण्याआधी खाली झुकलेला वळसा द्यावा, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकून जाते.

कडेने फिरवायच्या सीलंटमध्ये उन्हाला एमएस पॉलिमर अधिक टिकते, पीयूची पकड मजबूत पण उन्हात त्याची पावडर होते, म्हणून त्याच्यावर रंग हवा. झरोक्याचे पॉलिकार्बोनेट किंवा ॲक्रिलिक असेल तिथे पीयू वापरू नये, काही प्रकारांनी ते प्लास्टिक तडकते. दोन्ही सीलंट हवेतल्या ओलाव्यानेच पक्की होतात. कोकणात त्यांच्यावर साय फार लवकर धरते, तेव्हा हातभर लांबीचा पट्टा ओढला की तो लगेच बोटाने किंवा पट्टीने बसवावा, मग पुढे जावे. पृष्ठभाग मात्र कोरडाच हवा. आत पक्के होणे दिवसाला दोन-तीन मिलिमीटर एवढेच चालते, म्हणून जाड सांध्याला चार दिवस पाणी लागू देऊ नये. उघडलेली नळी पुढच्या मोसमापर्यंत दगड होते, ती जपून ठेवू नये.

एक गोष्ट कधीही बुजवू नये: सरकत्या खिडकीच्या खोबणीतील आणि दरवाजाच्या तळातील सांडव्याची भोके. खोबणीत पाणी येणारच, ते या भोकांतून बाहेर जावे अशीच रचना असते. त्यांत माती आणि सुरूच्या काड्या अडकल्या की पाणी उलटे आत चढते, आणि मग कोणीतरी खिडकीची खालची कडही सीलंटने बंद करून दुखणे पक्के करतो. खिडकीच्या बाहेरील चौकटीची वरची कड आणि दोन्ही बाजू बुजवाव्यात, खालची मोकळी सोडावी. भोके पातळ तारेने साफ करावीत.

भिंतीत नवे प्लाय घालताना आयएस ७१० प्रतीचे मरीन प्लाय घ्यावे. ते बसवण्यापूर्वी कापलेल्या चारही कडांना आणि स्क्रूच्या भोकांना एपॉक्सीचे दोन हात द्यावेत, कारण पाणी प्लायमध्ये कडेनेच शिरते. जुन्या, निरोगी लाकडावर बुरशी परतू नये म्हणून बोरॅक्स किंवा बोरिक ॲसिडचे पाणी ब्रशने मुरवून वाळू द्यावे. ओल्या लाकडाच्या वासावर येणाऱ्या वाळवीलाही ते रोखते. ते झाल्यावरही आतली पट्टी लगेच कायमची ठोकू नये. चार स्क्रूंवर तात्पुरती धरावी, नळीची आणि फेसाची परीक्षा पुन्हा घ्यावी, ठोकळ्यावर चाक चढवूनही घ्यावी, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरींनंतर पट्टी काढून आत हात घालून पाहावे. कोरडे असेल तरच बीडिंग मारावे.

पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर तिच्यावर ताडपत्री गुंडाळू नये. तिच्याखाली वाफ कोंडते आणि वाऱ्याने तिच्या कडा सीलंटवर घासत राहतात. चारी बाजूंनी उघडी अशी पत्र्याची शेड किंवा उंच मांडव बरा. गाडीचे तोंड किंचित उंच ठेवावे, म्हणजे छतावर पाणी साचत नाही, आणि आत आठवड्यातून दोनदा तरी डीह्युमिडिफायर चालवावा. पाण्याची टाकी व पाइप रिकामे करून नळ उघडे सोडावेत. समुद्रकाठच्या प्रत्येक मुक्कामानंतर छत, खिडक्यांच्या खोबणी आणि गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुण्याला मात्र पर्याय नाही. वहीत कोणता सांधा कोणत्या महिन्यात कोणत्या सीलंटने बुजवला याची नोंद ठेवली, तर पुढच्या वेळी त्यावर काय धरेल आणि काय धरणार नाही हे फॅब्रिकेटरला विचारत बसावे लागत नाही.